आधी मास्टर, मग मजकूर, ॲनिमेशन सगळ्यात शेवटी: स्लाइड्स करण्याचा क्रम

“फॉन्ट तेवढा बदलून दे, पाच मिनिटांचं काम आहे,” असं म्हणून जी फाइल हातात येते ती पाच मिनिटांत कधीच परत जात नाही. परवा अशीच एक आली, ४६ स्लाइड्सची. मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइड्सचं रूप ठरवणाऱ्या मूळ स्लाइडमध्ये, जाऊन शीर्षकाचा फॉन्ट बदलला आणि बाहेर येऊन पाहते तर फक्त तीन स्लाइड्स बदललेल्या. उरलेल्या ४३ ठिकाणी शीर्षक म्हणून हाताने काढलेले टेक्स्ट बॉक्स होते, प्रत्येक वेगळ्या उंचीवर, कुठे ३२ पॉइंट तर कुठे ३६. अख्खी दुपार गेली.

फाइल करणाऱ्याला पॉवरपॉइंट चांगलं येत होतं, ॲनिमेशनं तर झकास होती. फक्त सगळं उलट्या क्रमाने केलं होतं. पहिल्या स्लाइडवर रंग, चित्रं, हालचाल, मग तीच कॉपी करत करत पुढे. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे आणि क्रमानेच वापरावा. मेन्यूंची नावं विंडोजवरच्या पॉवरपॉइंटची आहेत. गूगल स्लाइड्स किंवा लिबरऑफिस इम्प्रेस वापरत असाल तर नावं थोडी बदलतील, क्रम बदलत नाही. ज्याला इथे स्लाइड मास्टर म्हटलंय त्याला गूगलमध्ये थीम बिल्डर म्हणतात.

## टप्पा १: फाइल उघडण्याआधी तीन प्रश्न

पडदा कसा आहे? नवी फाइल १६:९ मापात उघडते, म्हणजे १३.३३३ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच. जुन्या प्रोजेक्टरसाठी ४:३ लागतं, ते १० बाय ७.५. माप ‘डिझाइन’ टॅबमध्ये ‘स्लाइड साइझ’खाली बदलतं. हे पहिल्याच मिनिटाला ठरवा. तीस स्लाइड्स झाल्यावर माप लहान केलं की पॉवरपॉइंट विचारतं, ‘मॅक्सिमाइझ’ की ‘एन्शुअर फिट’? पहिल्यात कडेच्या वस्तू स्लाइडबाहेर जातात, दुसऱ्यात सगळंच आक्रसतं. दोन्हींत प्रत्येक स्लाइड हाताने लावत बसावं लागतं. आणि एकाच फाइलमध्ये काही स्लाइड्स आडव्या, काही उभ्या असं करता येत नाही.

कुणाच्या मशीनवर चालणार? स्वतःच्या लॅपटॉपवर चालणार असेल तर निम्मी काळजी मिटली. दुसऱ्याच्या मशीनवर असेल तर फॉन्ट, व्हिडिओ आणि मॉर्फसारखी नवी ट्रान्झिशन (एका स्लाइडवरून दुसरीवर जातानाचा इफेक्ट) या तिन्ही गोष्टी शंकास्पद धरून चाला.

नंतर फाइल कुणाला पाठवायची आहे का? याचं उत्तर ‘हो’ असेल तर आलेख कसे चिकटवायचे आणि नोट्समध्ये काय लिहायचं, हे दोन्ही बदलतं. पुढे येईलच.

मागच्या प्रेझेंटेशनची कॉपी करून त्यावर नवं लिहायचा मोह होतो. त्या कॉपीसोबत जुन्या लपवलेल्या स्लाइड्स, जुन्या नोट्स आणि जुन्या चुकाही येतात. कोरी फाइल उघडा आणि लगेच नाव देऊन सेव्ह करा.

## टप्पा २: मास्टर लावून घ्या

लोक सर्रास ओलांडून जातात तो टप्पा हाच. इथे वीस मिनिटं गेली तरी पुढे तास वाचतात.

१. ‘व्ह्यू’ टॅबमधून ‘स्लाइड मास्टर’ उघडा. डाव्या पट्टीत वर एक मोठी स्लाइड आणि तिच्याखाली लहान स्लाइड्सची रांग दिसेल. मोठी म्हणजे मास्टर, लहान ते लेआउट. मास्टरमध्ये केलेला बदल सगळ्या लेआउटमध्ये उतरतो, लेआउटमधला बदल त्या एकाच लेआउटच्या स्लाइड्सवर.

> जपून: मास्टर व्ह्यू उघडला की तुम्ही ज्या स्लाइडवर होतात तिचाच लेआउट निवडलेला असतो, मास्टर नव्हे. बरेच जण तिथेच बदल करतात आणि “मास्टर चालत नाही” म्हणून बाहेर पडतात. आधी पट्टी वर सरकवा आणि सगळ्यात वरच्या स्लाइडवर क्लिक करा.

२. फॉन्ट ठरवा. त्याच टॅबमधल्या ‘फॉन्ट्स’खाली ‘कस्टमाइझ फॉन्ट्स’ आहे. एक फॉन्ट शीर्षकाला, एक मजकुराला. यापुढे फॉन्टच्या यादीत सगळ्यात वर ज्यांच्यापुढे ‘हेडिंग्ज’ आणि ‘बॉडी’ असं लिहिलेलं असतं तेच दोन वापरा. खालच्या लांबलचक यादीतून नावाने फॉन्ट निवडलात की तो मजकूर थीमपासून, म्हणजे फाइलसाठी ठरवलेल्या फॉन्ट-रंगांच्या संचापासून, तुटला. मग थीमचा फॉन्ट कितीही वेळा बदला, तो जागचा हलत नाही.

३. रंगांचंही तसंच. ‘कलर्स’मध्ये संच ठरवा आणि स्लाइडवर रंग देताना पॅलेटच्या वरच्या भागातले थीमचे रंग घ्या. तळातली ‘स्टँडर्ड कलर्स’ची ओळ थीमसोबत बदलत नाही.

४. मजकुराच्या प्लेसहोल्डरमध्ये, म्हणजे लेआउटने मजकुरासाठी राखून ठेवलेल्या चौकटीत, पाच पातळ्या दिसतात. पहिल्या दोन नीट लावा, बाकीच्या सोडून द्या. तिसऱ्या पातळीचे मुद्दे लागत असतील तर ती एक स्लाइड नाही, दोन आहेत.

५. ऑटोफिट बंद करा. मजकुराच्या चौकटीवर राइट क्लिक, ‘फॉरमॅट शेप’, त्यात ‘टेक्स्ट बॉक्स’, आणि तिथे ‘डू नॉट ऑटोफिट’. ऑटोफिट चालू असलं की मजकूर वाढला तसा अक्षराचा आकार गुपचूप कमी होत जातो. एका स्लाइडवर २८ पॉइंट, पुढच्या स्लाइडवर २० आणि कारण सापडत नाही, ते यामुळे. बंद केल्यावर मजकूर चौकटीबाहेर सांडेल. सांडू द्या, छाटायची वेळ झाली एवढाच त्याचा अर्थ.

६. लोगो एकदाच, मास्टरवर. स्लाइडवर चिकटवलेला लोगो प्रत्येक कॉपीत दोन पिक्सेल इकडेतिकडे होतो आणि स्लाइड बदलताना उडी मारतो.

७. स्लाइड क्रमांकाची गंमत वेगळी आहे. मास्टरवर क्रमांकाची चौकट दिसते, तरी स्लाइडवर क्रमांक येत नाही. मास्टर फक्त जागा ठरवतो. क्रमांक दाखवायला बाहेर येऊन ‘इन्सर्ट’ टॅबमधलं ‘हेडर अँड फूटर’ उघडायचं, ‘स्लाइड नंबर’वर टिक करायची आणि ‘अप्लाय टू ऑल’ दाबायचं. मास्टरवरच्या चौकटीतलं ते कंसातलं चिन्ह खोडून तिथे आकडा लिहू नका, सगळ्या स्लाइड्सवर तोच आकडा उमटेल.

८. न लागणारे लेआउट काढून टाका. नेहमीच्या थीममध्ये अकरा असतात, चार-पाचांत काम भागतं. मग ‘क्लोज मास्टर व्ह्यू’.

मराठी मजकुरासाठी वेगळं काय करायचं. ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये मजकुराच्या ओळींमधलं अंतर ०.९ पट असतं. रोमन लिपीला ते चालून जातं. देवनागरीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. मास्टरवरच ते १.० किंवा १.१ करून टाका. अक्षरांमधलं अंतर ‘नॉर्मल’च ठेवा, कारण ‘लूज’ केलं की शिरोरेषा तुटते. इटॅलिक शक्यतो टाळा. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये तिरपी अक्षरं मुळात काढलेलीच नसतात, सॉफ्टवेअर सरळ अक्षराला ढकलून वाकडं करतं. मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं ‘प्रस्तावना’ दुसऱ्या मशीनवर रोमन अक्षरांचा खिचडा होऊन बसतं, आणि तिथे फॉन्ट बदलूनही ते वाचता येत नाही.

> तपासा: एक नवी स्लाइड घ्या, शीर्षक लिहा. मास्टरमध्ये जाऊन शीर्षकाला भडक लाल करा आणि परत या. स्लाइडवरचं शीर्षक लाल झालं असेल तर पाया पक्का. कंट्रोल-झेड करा आणि पुढे चला.

## टप्पा ३: मजकूर आउटलाइनमध्ये लिहा

स्लाइडवर लिहायला बसलं की हात आपोआप रंगांकडे जातो. म्हणून ‘व्ह्यू’ टॅबमधला ‘आउटलाइन व्ह्यू’ घ्या. डावीकडच्या पट्टीत नुसता मजकूर दिसतो. शीर्षक लिहून एंटर दाबलं की नवी स्लाइड, टॅब दाबला की तीच ओळ आधीच्या स्लाइडचा मुद्दा होते, शिफ्ट-टॅबने परत शीर्षक. एवढ्या तीन कळांवर पूर्ण प्रेझेंटेशनचा सांगाडा उभा राहतो.

मजकूर आधीच वर्डमध्ये असेल तर तिथे स्लाइडच्या शीर्षकांना ‘हेडिंग १’ आणि मुद्द्यांना ‘हेडिंग २’ ही स्टाइल द्या, फाइल सेव्ह करून बंद करा. मग पॉवरपॉइंटमध्ये ‘होम’ टॅबवर ‘न्यू स्लाइड’खालचा बाण दाबून ‘स्लाइड्स फ्रॉम आउटलाइन’ निवडा. स्टाइल न देता अक्षरं नुसती मोठी-ठळक केली असतील तर हे जमत नाही. पॉवरपॉइंट स्टाइल बघतं, आकार नाही.

शीर्षकात वाक्य लिहा. ‘परतावे’ हे शीर्षक ऐकणाऱ्याला काहीच सांगत नाही. ‘तिसऱ्या तिमाहीत परत आलेला माल दुप्पट झाला’ म्हटलं की अर्धी स्लाइड तिथेच झाली. खालच्या आलेखात काय शोधायचं तेही कळलं. वाक्य सुचत नसेल तर ती स्लाइड कशासाठी आहे हेच अजून ठरलेलं नाही, असं समजा.

> तपासा: आउटलाइनमध्ये फक्त शीर्षकं वरपासून खालपर्यंत वाचा. जिथे क्रमांक आहे पण पुढे रिकामं आहे, तिथे शीर्षक टेक्स्ट बॉक्समध्ये लिहिलं गेलंय. प्लेसहोल्डरबाहेरचा मजकूर आउटलाइनमध्ये दिसत नाही.

अशी स्लाइड सापडली तर दुरुस्ती ठरलेली आहे: टेक्स्ट बॉक्समधला मजकूर कट करा, ‘होम’मधल्या ‘लेआउट’मधून योग्य लेआउट द्या, रिकाम्या प्लेसहोल्डरमध्ये ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ने पेस्ट करा, रिकामा बॉक्स उडवा आणि ‘रीसेट’ दाबा. ‘रीसेट’ प्लेसहोल्डरची जागा, माप आणि रूप पुन्हा लेआउटप्रमाणे करतं. पण मुद्दाम हलवलेली चौकटही ते जागेवर नेऊन ठेवतं, तेव्हा पन्नास स्लाइड्स निवडून बेधडक दाबू नका.

दुसऱ्या फाइलमधून स्लाइड्स आणायच्या असतील तर पेस्ट करताना ‘यूज डेस्टिनेशन थीम’ घ्या. ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ घेतलं की त्या स्लाइडबरोबर तिचा मास्टरही मुक्कामाला येतो. तीन जणांनी मिळून केलेल्या फाइलमध्ये मी सात मास्टर मोजले आहेत. आलेच असतील तर त्या स्लाइड्सना आपल्या मास्टरचे लेआउट द्या आणि मग मास्टर व्ह्यूमध्ये जाऊन पाहुणे हाकला.

## टप्पा ४: चित्रं, आलेख, मांडणी

चित्र लहान-मोठं करताना कोपऱ्याचा बिंदू ओढा. कडेचा ओढला की माणसं जाड-बारीक होतात. जागेत बसत नसेल तर क्रॉप करा, दाबून बसवू नका.

मांडणी डोळ्यांनी करू नका. शिफ्ट धरून चार वस्तू निवडा, ‘शेप फॉरमॅट’ टॅबवर ‘अलाइन’, त्यात आधी ‘अलाइन टॉप’ आणि मग ‘डिस्ट्रिब्यूट हॉरिझॉन्टली’. पहिलीची आणि शेवटचीची जागा आधी नक्की करा, मधल्या दोन आपोआप समान अंतरावर येतात. त्याच यादीत ‘अलाइन टू स्लाइड’वर टिक असेल तर वस्तू स्लाइडच्या कडांपर्यंत फाकतात. “डिस्ट्रिब्यूटने सगळं विस्कटलं” या तक्रारीमागे बहुधा ही टिक असते.

आणखी एक सवय लावा: ऑल्ट-एफ१० दाबून सिलेक्शन पेन उघडायचं आणि वस्तूंना नावं द्यायची. ‘रेक्टँगल १७’ ऐवजी ‘पायरी १’. ॲनिमेशनच्या टप्प्यावर या नावांची किंमत कळते. एकावर एक ठेवलेल्या वस्तूंपैकी वरची तात्पुरती लपवायला तिथेच डोळ्याचं चिन्ह आहे.

आता आलेख. हा भाग सावकाश वाचा, कारण इथली चूक पडद्यावर दिसत नाही.

एक्सेलमधला आलेख कॉपी करून पेस्ट केला की त्याच्या कोपऱ्यात एक छोटं बटण येतं आणि त्यात पाच पर्याय असतात. दोन ‘एम्बेड’चे, दोन ‘लिंक’चे, एक चित्राचा. ‘लिंक’ घेतलं तर आकडे एक्सेलच्या मूळ फाइलमध्येच राहतात. ती फाइल हलवली, नाव बदललं किंवा सोबत नेली नाही तर आलेख दिसतो, पण ‘एडिट डेटा’ चालत नाही. ‘एम्बेड’ घेतलं तर आकडे स्लाइडसोबत येतात, पण फक्त आलेखाचे नव्हे. ती संपूर्ण वर्कबुक आत येते, सगळ्या शीट्ससकट. म्हणजे पगाराच्या वर्कबुकमधून विभागवार सरासरीचा एक निरुपद्रवी स्तंभालेख आणलात आणि फाइल मेलने पाठवलीत, तर घेणारा आलेखावर राइट क्लिक करून ‘एडिट डेटा’ उघडेल आणि प्रत्येकाचा पगार वाचेल.

माझी पद्धत अशी: आलेखाला लागतात तेवढेच आकडे एका नव्या, कोऱ्या वर्कबुकमध्ये ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने घ्यायचे, आलेख तिथे काढायचा आणि मग ‘यूज डेस्टिनेशन थीम अँड एम्बेड वर्कबुक’. आकडे पुन्हा बदलणारच नसतील तर सरळ चित्र म्हणून पेस्ट करा.

> जपून: क्रॉप केलेल्या चित्राचा कापलेला भागही फाइलमध्ये शिल्लक असतो. ज्याला फाइल मिळेल तो क्रॉप उलगडून तो पाहू शकतो. स्क्रीनशॉटमध्ये कुणाचा पत्ता किंवा फोन नंबर झाकायला नुसतं क्रॉप पुरत नाही. त्यावर काळा चौकोन ठेवणं तर अजिबातच नाही, तो बाजूला सरकवता येतो.

## टप्पा ५: व्हिडिओ आणि आवाज

थोडक्यात आटोपते. व्हिडिओ एमपी४ हवा, आतलं कोडिंग एच.२६४ आणि आवाज एएसी. ‘इन्सर्ट’, ‘व्हिडिओ’, ‘धिस डिव्हाइस’ असं जाऊन घाला. उघडलेल्या खिडकीतल्या ‘इन्सर्ट’ बटणाशेजारच्या बाणात ‘लिंक टू फाइल’ दडलेलं असतं, ते नको. ऑनलाइन व्हिडिओचा भरवसा तिथल्या इंटरनेटइतकाच.

‘प्लेबॅक’ टॅबमध्ये व्हिडिओ कधी सुरू व्हायचा ते ठरवा. ‘व्हेन क्लिक्ड ऑन’ असेल तर माउस नेमका व्हिडिओवर नेऊन क्लिक करावं लागतं, हातातल्या क्लिकरने भलतीच स्लाइड पुढे जाते. ‘इन क्लिक सीक्वेन्स’ ठेवा. आणि एचडीएमआयची तार जोडली की आवाज अनेकदा प्रोजेक्टरकडे वळतो, त्याला स्पीकर असो वा नसो. सभागृहात आवाज ऐकल्याशिवाय तो येईल असं धरू नका.

## टप्पा ६: आता ॲनिमेशन

एवढा उशीर मुद्दाम केला. वस्तूवर ॲनिमेशन देऊन झाल्यावर ती वस्तू उडवून दुसरी ठेवली की तिचं ॲनिमेशनही जातं. मग रांगेत पुन्हा घुसवत बसा. मजकूर, चित्रं, जागा सगळं पक्कं झाल्यावरच ‘ॲनिमेशन’ टॅब उघडा आणि पहिल्यांदा ‘ॲनिमेशन पेन’ चालू करा. पेन न उघडता ॲनिमेशन देणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं.

प्रत्येक ॲनिमेशनच्या सुरुवातीचे तीन प्रकार आहेत: ‘ऑन क्लिक’, ‘विथ प्रीव्हियस’ म्हणजे आधीच्याबरोबरच, आणि ‘आफ्टर प्रीव्हियस’ म्हणजे आधीचं संपल्यावर आपोआप. गोंधळ सगळा इथे. एक साधी आकृती घेऊ, तीन चौकटी आणि त्यांना जोडणारे दोन बाण. सगळ्यांना एकदम निवडून ‘फेड’ दिलात तर एकाच क्लिकला पाचही वस्तू उगवतात. एकेक निवडून दिलात तर पाच क्लिक लागतात आणि दर दुसऱ्या क्लिकला पडद्यावर नुसता बाण येतो. बोलणारा त्या बाणापाशी अडखळतो. खरं तर हवेत तीन क्लिक:

- पायरी १: ऑन क्लिक
- बाण १: ऑन क्लिक
- पायरी २: आफ्टर प्रीव्हियस
- बाण २: ऑन क्लिक
- पायरी ३: आफ्टर प्रीव्हियस

पेनमध्ये या पाच ओळी नावांसकट दिसतात. तुम्ही ‘रेक्टँगल १७’ तसंच ठेवलं असेल तर कुठली ओळ कुठल्या चौकटीची, हे क्लिक करून करून शोधायचं. क्रम चुकला तर ओळ ओढून वर-खाली करता येते.

एका चित्रावर दुसरं, त्यावर तिसरं ठेवून आधीचं ‘एक्झिट’ने घालवायचं, अशी बांधणी करू नका. काम करताना काही निवडता येत नाही, आणि पीडीएफ काढलं की तिन्ही चित्रं एकमेकांवर छापून येतात, कारण पीडीएफला ॲनिमेशन कळत नाही. त्यापेक्षा कंट्रोल-डीने स्लाइडची प्रत काढा आणि दुसऱ्या प्रतीत बदल करा. बघणाऱ्याला फरक कळत नाही, पीडीएफही नीट येतं. माझं मत विचाराल तर दहातल्या आठ ॲनिमेशनांना हाच उतारा आहे.

वस्तू एका जागेहून दुसरीकडे सरकताना दाखवायची असेल तरी प्रत काढा, वस्तू हलवा आणि दुसऱ्या स्लाइडला ‘मॉर्फ’ ट्रान्झिशन द्या. पहिलीला नव्हे, ही चूक हमखास होते. मॉर्फ भलत्याच वस्तूंची जोडी लावत असेल तर सिलेक्शन पेनमध्ये दोन्ही स्लाइड्सवरच्या त्या वस्तूला एकच नाव द्या आणि नावाच्या सुरुवातीला दोन उद्गारचिन्हं घाला, म्हणजे ‘!!चाक’. ज्या जुन्या आवृत्तीत मॉर्फ नाही तिथे साधं फेड दिसतं. काम अडत नाही.

> जपून: ट्रान्झिशनमधलं ‘अप्लाय टू ऑल’ फक्त इफेक्ट पसरवत नाही. त्या स्लाइडची वेळेची सेटिंगही सगळ्यांना लागते. दाबण्याआधी त्याच टॅबवर ‘आफ्टर’ची टिक काढलेली आहे ना, ते बघा.

## टप्पा ७: सराव, आणि सरावाचा सापळा

‘स्लाइड शो’ टॅबमध्ये ‘रिहर्स टायमिंग्ज’ नावाचं बटण आहे, वेळ मोजायला उत्तम. मीही एकदा आदल्या रात्री त्याने सराव केला, शेवटी त्याने “या वेळा ठेवू का?” असं विचारलं आणि मी सवयीने ‘येस’ दाबलं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या स्लाइडवर कुणीतरी प्रश्न विचारला, मी उत्तर देत होते आणि मागे स्लाइड आपण होऊन पुढे गेली. मागे आणली, पुन्हा गेली. मला वाटलं क्लिकर बिघडला, म्हणून सेल काढले. तरी गेली. सभागृहात हशा पिकला आणि मी उरलेली वीस मिनिटं पडद्याशी शर्यत लावल्यासारखी बोलले.

म्हणून ‘नो’ दाबा. ‘येस’ दाबून झालं असेल तर ‘स्लाइड शो’ टॅबवरची ‘यूज टायमिंग्ज’ची टिक काढली की पुरे.

सराव प्रेझेंटर व्ह्यूमध्ये करा. दुसरा पडदा नसला तरी ऑल्ट-एफ५ ने तो एकाच स्क्रीनवर उघडतो: आत्ताची स्लाइड, पुढची स्लाइड, खाली नोट्स, वर घड्याळ. प्रत्यक्ष प्रोजेक्टर जोडल्यावर विंडोजची कळ आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. ‘डुप्लिकेट’ राहिलं तर दोन्हीकडे एकच चित्र, प्रेझेंटर व्ह्यूचा उपयोगच उरत नाही. नोट्स प्रेक्षकांकडे आणि स्लाइड तुमच्याकडे असं उलटं झालं तर वरच्या ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये अदलाबदल करता येते.

शो चालू असताना हातात असाव्यात अशा कळा थोड्याच:

- एफ५ सुरुवातीपासून, शिफ्ट-एफ५ समोरच्या स्लाइडपासून. मध्येच बंद पडलं तर दुसरी वापरा, चाळीस लोकांसमोर पुन्हा पहिल्यापासून पळवत येऊ नका.
- बी दाबलं की पडदा काळा, पुन्हा दाबलं की परत.
- आकडा आणि एंटर म्हणजे थेट त्या स्लाइडवर. लपवलेली स्लाइडही अशी उघडते, त्यामुळे प्रश्न येतील अशा स्लाइड्स शेवटी लपवून ठेवा आणि त्यांचे क्रमांक चिठ्ठीवर लिहून ठेवा.

कीबोर्ड मराठीवर असेल तर शो सुरू करण्याआधी इंग्रजीवर आणा.

## टप्पा ८: फाइल बाहेर जाण्याआधी

इथे आधी एक प्रत काढा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा. मूळ फाइल शाबूत राहिली पाहिजे.

१. चित्रं हलकी करा. एखादं चित्र निवडून ‘पिक्चर फॉरमॅट’ टॅबवर ‘कंप्रेस पिक्चर्स’. ‘अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर’ची टिक काढा, नाहीतर एकच चित्र हलकं होईल आणि फाइल जिथल्या तिथे. ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’ची टिक ठेवा, कापलेले भाग इथेच खरे जातात. किती पीपीआय, म्हणजे इंचाला किती पिक्सेल? हिशोब सोपा आहे. स्लाइड १३.३३३ इंच रुंद, १५० पीपीआय घेतलं तर २००० पिक्सेल होतात. फुल एचडी पडदा १९२० पिक्सेलचा, म्हणजे १५० पुरतं. पडदा फोर-केचा असेल तर ३८४० पिक्सेल लागतात, तेव्हा ३३० ठेवा.

२. फॉन्ट आत घाला. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’, आणि तळाशी ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’. पुढचा माणूस मजकूर बदलणार असेल तर ‘ऑल कॅरॅक्टर्स’ घ्या. काही फॉन्टचा परवाना अशी परवानगी देत नाही, ते आत जात नाहीत. असा फॉन्ट असेल तर तो त्या मशीनवर टाकून ठेवणं किंवा दुसरा निवडणं, एवढेच दोन मार्ग.

३. आतलं तपासा. ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘चेक फॉर इश्यूज’, ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’. कॉमेंट्स, नोट्स, लेखकाचं नाव, लपवलेल्या वस्तू, स्लाइडबाहेर टाकून ठेवलेले तुकडे, सगळं हुडकून दाखवतं. “या मुद्द्यावर साहेब भडकतील, पटकन पुढे जा” ही नोट साहेबांनाच मेल झाल्याचं मी पाहिलं आहे. इथून काढलेलं काही वेळा कंट्रोल-झेडने परत येत नाही, म्हणूनच ती प्रत.

४. ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठीही बघा. ‘रिव्ह्यू’ टॅबवर ‘चेक ॲक्सेसिबिलिटी’. चित्रांना वर्णन आहे का, प्रत्येक स्लाइडला शीर्षक आहे का, ते सांगतं. टप्पा ३ नीट केला असेल तर शीर्षकांबद्दल एकही तक्रार येणार नाही.

५. पीडीएफ काढा. ‘एक्स्पोर्ट’मध्ये ‘ऑप्शन्स’ उघडा आणि ‘इन्क्लूड हिडन स्लाइड्स’ हवं की नको ते स्वतः ठरवा. नोट्सची पानं हवी असतील तर तीही तिथेच.

> तपासा: फाइल दुसऱ्या मशीनवर उघडा, आणि मेलमधल्या किंवा झिप फाइलमधल्या प्रिव्ह्यूत नाही. डेस्कटॉपवर कॉपी करा, वर पिवळी पट्टी दिसली तर ‘एनेबल एडिटिंग’ दाबा, एफ५ दाबून पहिल्यापासून शेवटपर्यंत क्लिक करत जा. जोडाक्षरं, प्रत्येक व्हिडिओचा आवाज, पायरी-बाणांचे तीन क्लिक. काही बिघडलेलं सापडलं तर दुरुस्ती मूळ फाइलमध्ये करा आणि टप्पा ८ नव्या प्रतीवर पुन्हा करा. त्या मशीनवर घाईघाईत केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी हमखास हरवते.